नाव नको, जीभ वळवा!

"काय बाई ही आजकालची नावं! जिभेला वळतच नाहीत." बारशाच्या कार्यक्रमात हे वाक्य आता पेढ्यांइतकंच ठरलेलं आहे. शाळेत हजेरी घेताना बाई अडखळतात, दवाखान्यात कंपाउंडर नाव पुकारता पुकारता थांबतो, बाकावरची माणसं हसतात. मुलीचं नाव ऋजुता असो, मृण्मयी असो, संघमित्रा असो नाहीतर मायरा, सल्ला सगळ्यांना एकच: "साधं, सोपं, गोड नाव ठेवायचं की!"

वरवर पाहता यात वाईट काही नाही. लोक मुलांच्या नावांनाही हसतातच की. पण हसून झाल्यावर पुढे काय होतं ते पाहा. मुलाचं नाव कितीही अवघड असलं तरी चार दिवसांत लोक ते शिकतात. कारण हे नाव आता टिकणार, सातबाऱ्यावर चढणार, त्याच्या मुलांच्या नावापुढे लागणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलीचं नाव शिकण्याची एवढी निकड कुणाला वाटत नाही. ते माहेरापुरतं. पुढे कुणीतरी ते बदलणार, निदान त्याच्या मागेपुढे जे आहे ते तरी बदलणारच. मग कशाला जिभेला त्रास द्या?

म्हणून आमचं म्हणणं असं की 'सोपं ठेवा' हा सल्ला निमूटपणे ऐकून घेण्यासारखा नाही. सोपं म्हणजे कुणाला सोपं, हे विचारायला हवं.

मनूला काय हवं होतं?

हा सल्ला आजकालचा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम दिले आहेत. ब्राह्मणाच्या नावात मांगल्य असावं, क्षत्रियाच्या नावात बळ, वैश्याच्या नावात धन आणि शूद्राचं नाव ऐकताच तिरस्कार वाटावा. स्त्रियांसाठी वेगळा श्लोक आहे. त्यात सांगितलंय की स्त्रीचं नाव उच्चारायला सोपं असावं, कठोर नसावं, अर्थ चटकन कळावा, मनाला गोड वाटावं, मंगल असावं, शेवटी दीर्घ स्वर यावा आणि ऐकणाऱ्याला आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटावं.

मैत्रिणींनो, ही यादी नीट पाहा. पुरुषाचं नाव त्याचं समाजातलं स्थान सांगण्यासाठी. मग ते स्थान मानाचं असो की अपमानाचं. स्त्रीचं नाव मात्र हाक मारणाऱ्याच्या सोयीसाठी. त्याची जीभ अडखळू नये, त्याच्या कानाला खुपू नये, त्याचं मन प्रसन्न व्हावं. बाईने दिवसभर राबायचं ते राबायचंच, शिवाय तिच्या नावानेही सेवा करायची!

तिसऱ्या अध्यायात कुठल्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी, साप यांच्यावरून नाव ठेवलेली मुलगी वर्ज्य. म्हणजे आपल्या रोहिणी, रेवती, अश्विनी, गंगा, गोदावरी, यमुना, मैना सगळ्या बाद! महाराष्ट्रातल्या आयाबायांनी हा नियम खुशाल धाब्यावर बसवला, हे फार चांगलं झालं. पण 'सोपं आणि गोड' हा नियम मात्र सगळ्यांनी पाठ करून ठेवला. ज्यांनी मनुस्मृती कधी उघडली नाही त्यांनीही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाची होळी झाली. ग्रंथ जळला, पण जिभेवर बसलेली त्याची सवय जळायची बाकी आहे.

जोडाक्षराचा हक्क

नाव सोपं करून टाकण्याचं हत्यार बायकांवर चाललं, तसंच दलित आणि कष्टकरी माणसांवर चाललं. दोन्ही असलेल्या बाईवर तर दुप्पट. गावात वाड्यात राहणारी गंगा ही गंगाबाई असे, वयाने मोठी झाली की गंगाकाकू. तिच्याच शेतात खुरपायला जाणारी गंगा ही जन्मभर 'गंगी'. पार्वतीची पारी झाली, भागीरथीची भागी झाली. केस पिकले, नातवंडं झाली, तरी पोरासोरांनी हाक मारायची ती 'ए पारे' अशीच. यात उच्चाराची अडचण कुठे होती? पार्वती म्हणता येत नव्हतं असं थोडंच आहे? म्हणायचं नव्हतं.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर वस्त्यावस्त्यांमध्ये पाळण्यात नवी नावं आली. सुजाता, यशोधरा, गौतमी, संघमित्रा, प्रज्ञा. यातली काही सोपी आहेत, काही मुळीच नाहीत. 'प्रज्ञा' हे दोन अक्षरांचं नाव, पण दोन्ही अक्षरं जोडाक्षरं. 'संघमित्रा' एका दमात म्हणताना जिभेला कामाला लागावं लागतं. ज्या बाईला जग गंगी म्हणालं, तिच्या नातीचं नाव असं भारदस्त असणं, ते शाळेच्या हजेरीत मास्तरांना पुरतं उच्चारावं लागणं, ही लहान गोष्ट नव्हती. अवघड नाव ठेवणं ही तिथे हौस नव्हती. आता आमचं नाव तोडता येणार नाही, हे सांगण्याची ती रीत होती.

म्हणून 'अवघड नावं ठेवू नका' असं कुणी सरसकट म्हणालं की आमच्या कपाळावर आठी पडते. कुणाच्या अवघड नावाला तुम्ही 'संस्कृतप्रचुर', 'अर्थपूर्ण' म्हणता आणि कुणाच्या अवघड नावाला 'यांना हे कशाला हवं' म्हणता, तेही एकदा तपासून पाहा.

शुद्ध आणि अशुद्ध

इथे एक धोका आहे. बरोबर उच्चाराचा आग्रह धरता धरता आपण शुद्धतेची छडी हातात घेऊन बसायचो. 'ण'चा 'न' झाला, 'ळ'चा 'ल' झाला म्हणून बहुजन मुलींना वर्गात कसं हसलं गेलं, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी सोसलं आहे. तसला आग्रह आम्हाला नको.

उच्चार तर प्रदेशाप्रमाणे बदलणारच. 'प्रज्ञा'मधल्या 'ज्ञ'चा उच्चार मराठीत 'द्न्य' होतो, हिंदीत 'ग्य' होतो. 'ऋ' मराठी माणूस 'रु' म्हणतो, हिंदी माणूस 'रि'. इंग्रजी अक्षरांत गेलं की त्याच नावाची तीन स्पेलिंगं होतात. यातला कुठलाही उच्चार पापी नाही. ज्या आजीच्या तोंडून 'प्रज्ञा'चं 'परदन्या' होतं, ती आजी नातीचा अपमान करत नसते. ती आपल्या जिभेने जमेल तेवढं, पण पूर्ण नाव घेत असते.

अपमान करतो तो दुसराच. "काय ते तुझं नाव... जाऊ दे, आम्ही तुला पिंकी म्हणू" असं म्हणणारा साहेब. "आमच्याकडे एवढं लांब नाव चालत नाही" म्हणणारी शेठाणी, जी कामवाल्या बाईचं नाव परस्पर बदलून टाकते. आजीला जमत नाही, साहेबाला जमवायचं नसतं. आमचा झगडा दुसऱ्याशी आहे. आणि यातली कसोटी सोपी आहे: ज्या साहेबाला परदेशी पाहुण्याचं लांबलचक आडनाव दोन मिनिटांत पाठ होतं, त्याला हाताखालच्या मुलीचं नाव वर्षभर जमत नसेल तर दोष जिभेचा नाही.

वेगळं म्हणता म्हणता सारखंच

आता दुसऱ्या बाजूकडेही पाहू. कुणाचंच नाही असं नाव शोधण्याची सध्या मध्यमवर्गात चढाओढ आहे. नावांची पुस्तकं चाळली जातात, कुठल्यातरी यादीत 'लक्ष्मीचं एक नाव' असा अर्थ दिला की शहानिशा न करता तो खरा मानला जातो. सिनेमा-मालिकांतून कियारा, शनाया, मायरा आल्या आणि जे नाव कुणाचंच नको होतं ते एकाच बालवाडीत दोघीतिघींचं निघालं. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्या पिढीतल्या वर्गांमध्ये चार-चार मनीषा आणि पाच-पाच वैशाली होत्याच. नावाची साथ येते आणि जाते.

तक्रार वेगळी आहे. एवढ्या शोधाशोधीत नाव ठरवतं कोण? अश्विनी नक्षत्र असेल तर चू, चे, चो, ला यांपैकी अक्षर घ्या, असं ज्योतिषी सांगतो. अंकशास्त्रवाला स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवायला लावतो. आजोबांना कुलदेवता हवी असते. बारशाला नाव कानात सांगते ती आत्या, म्हणजे बापाची बहीण. अनेक घरांत त्या आत्याचं स्वतःचं नाव तिच्या सासरी केव्हाच पुसलेलं असतं. नऊ महिने पोटात वाढवलेली बाळंतीण बाजूला बसून असते आणि तिला विचारलं तर विचारलं. मुलीचं नाव जगावेगळं, पण ठरवण्याची पद्धत जगाचीच.

सगळ्यांच्या जिभेला वळलेलं नाव

आपल्या महाराष्ट्रात एक नाव असं आहे की त्याचा उच्चार कुणालाच अवघड गेला नाही. ते नाव नकुशा. कुठे नकुसा, कुठे नकोशी. दुसरी, तिसरी मुलगी झाली की ठेवायचं. मनूच्या कसोटीवर पाहा: उच्चारायला सोपं आहे, अर्थ चटकन कळतो, शेवटी दीर्घ स्वरही आहे!

काही जण म्हणतात, मुलांचीही दगडू, धोंडू, कचरू अशी नावं असत, मग एवढं काय? फरक आकाशपाताळाचा आहे. आधीची मुलं दगावली म्हणून या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे पाहू नये, यासाठी त्याचं नाव दगडू. तो जगावा म्हणून. नकुशा हे नाव ती जगावी म्हणून नव्हतं. तिच्यासारखी आणखी येऊ नये म्हणून होतं. हरियाणात अशाच मुलीला 'भतेरी' म्हणतात, म्हणजे पुष्कळ झाल्या.

ऑक्टोबर २०११मध्ये साताऱ्यात एका जाहीर समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. हे काम चांगलं झालं यात शंका नाही. वर्गात स्वतःच्या नावाची लाज वाटणाऱ्या मुलीला हवं ते नाव घेता येणं ही मोठी सुटका होती. पण त्याच २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. १९९१मध्ये त्या ९४६ होत्या, २००१मध्ये ९१३. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये याच राज्याने केला होता, तरी ही घसरण. म्हणजे ज्या घरांनी नकुशा नाव ठेवलं त्यांनी निदान मुलीला जन्म तरी घेऊ दिला. सोनोग्राफीच्या खोलीतून परत पाठवलेल्या मुलींना नाव ठेवण्याची वेळच आली नाही. तिथे शिकलीसवरली, गाडीतून येणारी माणसं होती. त्यांच्या घरी जी एकुलती मुलगी आहे, तिचं नाव बहुधा फार सुंदर असेल.

तांदळावरचं नाव

समजा मुलगी जन्मली, नाव सुंदर ठेवलं, लोकांनी उच्चारायलाही शिकून घेतलं. पुढे काय? आपल्याकडे अनेक समाजांत लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजून जातात, नाव मात्र रेशनकार्डावर चढतं.

आपल्या इतिहासातल्या मोठ्या बायकांकडे पाहा. १८८६मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई मूळच्या गोदूबाई. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. यातले नवरे बहुतेक सुधारक. बायकोला शिकवण्यासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला, पण तिचं नाव तिचंच राहू द्यावं हे त्यांना सुचलं नाही. यमुना आणि गोदावरी अशा नद्या आटल्या आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

लग्नानंतर स्त्रीने नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा भारतात नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी बँकेत, शाळेत, हॉस्पिटलात खिडकीपलीकडून विचारलं जातं, "मिस्टरांचं नाव?" शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं, आणि मग योजनेचे पैसे अडकले की चूक बाईचीच. परत माहेरचं नाव घ्यायचं म्हटलं तर आणखी गंमत. केंद्र सरकारच्या राजपत्रात तसा बदल छापायचा तर घटस्फोटाचा हुकूम नाहीतर नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणा, अशी अट होती. फेब्रुवारी २०२४मध्ये एका स्त्रीने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. नाव तिचं, हरकत त्याची!

नावाचं काय घेऊन बसलात?

हा प्रश्न आपल्याच चळवळीतून येईल. हुंडा आहे, मारहाण आहे, मजुरी आहे, त्यात नावाचा उच्चार हा काय प्रश्न झाला? त्यांना एकच घटना सांगतो. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मतदारयाद्या करणारे घरोघर गेले. कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. परक्या पुरुषापुढे बाईचं नाव घ्यायचं नाही ही रीत. त्यावेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. नाव उच्चारलं गेलं नाही म्हणून मत गेलं. घरातली 'अगं ए', 'ऐकलंस का', 'बंड्याची आई' ही हाक वरवर किती साधी वाटते! पण जिचं नाव घरात कुणी घेत नाही, तिचं नाव घराच्या कागदावर कसं येणार?

सरकारने थोडं पाऊल उचललं आहे. मार्च २०२४मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लागेल. स्वागत आहे. पण लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावण्याची पद्धत तशीच चालू ठेवली गेली. म्हणजे मुलाच्या नावात आई आली, पण स्वतःच्या नावातून आईला अजून तिची आई सापडत नाही.

तेव्हा काय करायचं? मुलीचं नाव आईला विचारल्याशिवाय ठरवू देऊ नका. जन्माच्या दाखल्यावर ते कसं लिहिलं गेलं हे आईने स्वतः पाहावं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे हाच दाखला लागणार आहे. नाव ठरलं नसेल तर घाईने काहीतरी लिहू नका. जन्मनोंदीत ते वर्षभरात फी न देता भरता येतं. लग्नात तांदळाचं ताट समोर आलं तर तांदळावर मुलीने स्वतःचंच नाव लिहावं. शिक्षिका असाल तर हजेरीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीला विचारा, "तुझं नाव कसं म्हणतात?" आणि दुसऱ्या दिवशी तसंच म्हणा. घरी कामाला येणाऱ्या बाईचं पूर्ण नाव तुम्हाला माहीत नसेल तर आज विचारा. आणि नवऱ्याने 'अगं ए' म्हणून हाक मारली तर ओ देऊ नका. त्याला नाव येतं. त्याने ते घ्यायला हवं.

आपल्या मुलींची नावं सोपी असोत की अवघड, जुनी असोत की नवी. ती तोडू नका, बदलू नका, पूर्ण घ्या. जीभ हाडाची नसते, ती वळते.